विश्लेषण : स्वमग्न, दिव्यांग मुलांच्या पालकांना सरकारकडून काय मिळते? अडते कुठे?

मूल अडीच-तीन वर्षांचे झाले तरी बोलत नाही. हाक मारली तर वळून बघत नाही, पण शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली की दोन्ही कान गच्च दाबून धरते. ‘मुलगे उशिराच बोलतात’, ‘याचे बाबाही चार वर्षांचे होईपर्यंत बोलत नव्हते’, असे घरचे सांगत राहतात आणि त्यात वर्ष-दीड वर्ष निघून जाते. मग कुणी तरी डॉक्टर ‘स्वमग्नता’ म्हणजेच ऑटिझम हा शब्द उच्चारतात. त्यानंतर पालकांसमोर दोन प्रश्न उभे राहतात. मूल बरे कसे होणार आणि खर्च कसा पेलायचा? स्वमग्नता हा गोळ्या-औषधांनी जाणारा आजार नाही. मेंदूच्या जडणघडणीतला तो फरक आहे. योग्य वयात थेरपी आणि प्रशिक्षण मिळाले तर मूल पुष्कळ शिकते, हे पहिल्या प्रश्नाचे उत्तर. दुसऱ्याचे उत्तर सरकारी योजनांत आहे, पण ते एका खिडकीवर मिळत नाही. प्रमाणपत्र सिव्हिल हॉस्पिटलमध्ये, मासिक अनुदान तहसील कार्यालयात, आरोग्य विमा केंद्राच्या राष्ट्रीय न्यासाकडे, शिक्षणाच्या सवलती शिक्षण विभागाकडे आणि अठराव्या वर्षानंतरचे पालकत्व जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे, अशी ही वाटणी आहे.

राज्यात अशी मुले किती?

याचे नेमके उत्तर सरकारी दफ्तरात नाही. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार दिव्यांग व्यक्ती नोंदवल्या गेल्या. मात्र त्या जनगणनेच्या अर्जात दिव्यांगत्वाचे आठच प्रकार होते आणि स्वमग्नतेला त्यात वेगळा रकाना नव्हता. १९९५च्या अपंग व्यक्ती कायद्यानेही सातच प्रकार मानले होते आणि त्यातही स्वमग्नता नव्हती. त्यामुळे त्या काळात अनेक स्वमग्न मुलांच्या हाती ‘मतिमंद’ असे प्रमाणपत्र पडले. सवलत हवी तर तो शिक्का घ्या, एवढाच पर्याय पालकांपुढे होता. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता या चार प्रकारांसाठी वेगळी व्यवस्था उभी केली. पुढे २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने प्रकारांची यादी २१वर नेली आणि स्वमग्नतेला तिच्या नावानिशी स्थान मिळाले. हा कायदा १९ एप्रिल २०१७ रोजी लागू झाला.

संख्येचा अंदाज देणारा एक मोठा अभ्यास २०१८मध्ये ‘प्लॉस मेडिसिन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. देशातील पाच ठिकाणी तो झाला होता आणि उत्तर गोवा त्यांपैकी एक होते. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, फेफरे, ऐकण्याच्या-बघण्याच्या अडचणी, बौद्धिक दिव्यांगत्व अशा मज्जासंस्थेच्या विकासाशी संबंधित समस्यांपैकी किमान एक समस्या दोन ते सहा वर्षांच्या सुमारे ९ टक्के आणि सहा ते नऊ वर्षांच्या सुमारे १३ टक्के मुलांत आढळली. सरकारी योजनांचे लाभार्थी आणि ही टक्केवारी शेजारी ठेवली तर बहुतांश मुले अजून कोणत्याच यादीत आलेली नाहीत, हे सांगायला वेगळ्या अभ्यासाची गरज नाही.

सुरुवात कुठून करायची?

निदानासाठी थेट मोठ्या शहरातला डॉक्टर गाठावा लागतो, असा समज आहे. प्रत्यक्षात गावपातळीवर एक चाळणी अस्तित्वात आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्या आणि सरकारी शाळांत जाऊन जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतात. देशभर चालणाऱ्या या कार्यक्रमाचा प्रारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरमध्ये झाला होता. तपासणीच्या यादीत विकासातील विलंब आणि स्वमग्नता यांचा समावेश आहे. पथकाला शंका आली तर मुलाला जिल्हा रुग्णालयातील ‘जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रा’त पाठवले जाते. तेथे वाचा उपचार, भौतिकोपचार, मानसशास्त्रीय तपासणी या सेवा मोफत मिळणे अपेक्षित आहे. नोव्हेंबर २०२३मध्ये केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने दिव्यांग बालकांसाठी स्वतंत्र ‘अंगणवाडी प्रोटोकॉल’ही जाहीर केला. मूल कोणत्या महिन्यात काय करायला हवे, हे सेविकेने बघावे आणि उशीर दिसला तर पुढे पाठवावे, अशी त्याची रचना आहे.

गाडी अडते ती यानंतर. पथक तालुक्यात येते, उपचार केंद्र जिल्ह्याला असते. वाचा उपचार आठवड्यातून दोन-तीनदा आणि वर्षानुवर्षे घ्यायचे असतात. ज्या आईला जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन-येऊन अख्खा दिवस लागतो, तिच्यासाठी मोफत उपचाराचीही किंमत असते आणि ती बुडालेल्या मजुरीत मोजावी लागते.

प्रमाणपत्र एवढे महत्त्वाचे का?

कारण पुढच्या जवळपास प्रत्येक योजनेचे कुलूप त्याच किल्लीने उघडते. १ जून २०२१पासून दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र फक्त केंद्राच्या ‘स्वावलंबन’ पोर्टलवरूनच दिले जाते आणि त्याबरोबर वैश्विक ओळखपत्र, म्हणजे यूडीआयडी कार्ड मिळते. त्याआधी महाराष्ट्रात ‘एसएडीएम’ नावाची राज्याची स्वतःची संगणकीय प्रणाली होती. ज्यांच्याकडे त्या काळातले जुने प्रमाणपत्र आहे, त्यांनी ते पोर्टलवर नोंदवून कार्ड घ्यायला हवे. कार्डाचा रंग टक्केवारी सांगतो. ४० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर पांढरा, ४० ते ७९ टक्के असेल तर पिवळा, ८० आणि त्यावर निळा. ४० टक्के ही सर्वांत महत्त्वाची रेघ. कायद्यात तिला ‘लक्षणीय दिव्यांगत्व’ म्हटले आहे आणि बहुतेक लाभ या रेघेच्या पलीकडे सुरू होतात.

स्वमग्नतेत ही टक्केवारी काढण्यासाठी ‘इसा’ ही भारतीय मोजपट्टी वापरली जाते. सिकंदराबादच्या तत्कालीन राष्ट्रीय मानसिक विकलांग संस्थेने ती विकसित केली. तिच्यात सहा गटांत विभागलेली ४० विधाने आहेत. मूल नजरेला नजर देते का, एकटेच राहते का, एकच कृती पुन्हा पुन्हा करते का, दुखले-खुपले तर प्रतिक्रिया कशी देते, अशा गोष्टींना एक ते पाच गुण दिले जातात. म्हणजे किमान ४० आणि कमाल २००. बेरीज ७०च्या पुढे गेली की स्वमग्नता मानली जाते आणि गुणांवरून टक्केवारी ठरते. मोजपट्टी म्हणून ती उपयुक्त आहे, पण ती मुलाकडे बघते, घराकडे नाही. दार उघडे दिसले की रस्त्यावर धावत सुटणारे, रात्री तीनपर्यंत न झोपणारे मूल आणि कोपऱ्यात शांत बसून राहणारे मूल यांना एकच टक्केवारी मिळू शकते. त्यांच्या घरांतला दिवस मात्र अजिबात सारखा नसतो.

मोजणी करणाऱ्या मंडळात मानसोपचारतज्ज्ञ किंवा बालरोगतज्ज्ञ यांच्याबरोबर प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ लागतो. मोठ्या शहरांबाहेर हे पद हीच खरी अडचण आहे. सिव्हिलमध्ये ठरलेल्या वारीच दिव्यांग तपासणी असते. त्या दिवशी तज्ज्ञ नसला तर पुढची तारीख मिळते. २०२४मध्ये सुधारलेल्या नियमांनी प्रमाणपत्र देण्याची मुदत एक महिन्यावरून तीन महिन्यांवर नेली. बनावट प्रमाणपत्रांची प्रकरणे गाजल्यानंतर पडताळणी कडक होणे समजण्यासारखे आहे. त्याची झळ मात्र बनावट कागद करणाऱ्यांआधी रांगेत उभ्या असलेल्या पालकांना बसते.

आणखी एक गोष्ट बऱ्याच पालकांना उशिरा कळते. लहान वयातले प्रमाणपत्र बहुधा तात्पुरते असते. विशिष्ट अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र आठव्या, चौदाव्या आणि अठराव्या वर्षी तपासून दिले जाते. बौद्धिक दिव्यांगत्वातही टप्प्याटप्प्याने नूतनीकरण होते आणि अठराव्या वर्षीचे प्रमाणपत्र कायमस्वरूपी मानले जाते. मुदत संपलेल्या कार्डावर अनुदान थांबल्याचे बँकेच्या पासबुकातून कळण्यापेक्षा कार्डावरची तारीख आधीच कॅलेंडरवर खूण करून ठेवलेली बरी.

दरमहा किती पैसे मिळतात?

राज्याची मुख्य योजना म्हणजे संजय गांधी निराधार अनुदान योजना. ती १९८०पासून सुरू आहे. तिचे अनुदान दीर्घकाळ ६०० रुपये होते. ते २०१९मध्ये एक हजार, २०२३मध्ये दीड हजार झाले. सप्टेंबर २०२५मध्ये राज्य मंत्रिमंडळाने केवळ दिव्यांग लाभार्थ्यांसाठी आणखी एक हजार रुपयांची वाढ मंजूर केली. त्यामुळे ऑक्टोबर २०२५पासून ही रक्कम दरमहा २,५०० रुपये आहे. योजना ६५ वर्षांखालील सर्व प्रकारच्या दिव्यांगांना खुली आहे. मूल लहान असेल तर रक्कम पालकांमार्फत मिळते. अर्ज तहसील कार्यालयात किंवा ‘आपले सरकार’ सेवा केंद्रातून करायचा. सोबत ४० टक्क्यांवरचे प्रमाणपत्र, राज्यातील १५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा आणि उत्पन्नाचा दाखला लागतो.

घोडे अडते ते या शेवटच्या दाखल्यापाशी. दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५० हजार रुपये आहे. इतर निराधारांसाठी ती २१ हजार असल्याने ही सवलतच म्हणायची. पण ५० हजार म्हणजे महिन्याला जेमतेम ४,१६७ रुपये. रोजगार हमीचा महाराष्ट्रातील २०२५-२६चा दर दिवसाला ३१२ रुपये होता. त्या दराने घरातल्या एकाच माणसाने वर्षात १६१ दिवस काम केले तरी कुटुंब मर्यादेबाहेर जाते. तुलना करायची तर ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेची उत्पन्न मर्यादा अडीच लाख रुपये आहे. एकाच राज्याच्या तिजोरीतून जाणाऱ्या दोन मासिक रकमांसाठी गरिबीची व्याख्या पाच पटींनी वेगळी का, याचे उत्तर शासन निर्णयांत सापडत नाही. व्यवहारात काय होते, तर दाखल्यावरचे उत्पन्न कमी दाखवले जाते. जे कुटुंब ते करू शकत नाही किंवा करत नाही, ते बाहेर राहते. खासगी नोकरीत महिना १२-१५ हजार कमावणारा बाप या योजनेसाठी श्रीमंत ठरतो.

केंद्राची इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजना मुलांसाठी नाही. ती १८ वर्षांवरील, ८० टक्के आणि अधिक दिव्यांगत्व असलेल्या दारिद्र्यरेषेखालील व्यक्तींसाठी आहे.

याखेरीज एक पैसा गावातच असतो आणि त्याकडे फार थोड्या पालकांचे लक्ष जाते. ग्रामपंचायत, नगरपालिका, महापालिका, जिल्हा परिषद यांनी आपल्या स्वउत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांवर खर्च करायची आहे. पूर्वी हे प्रमाण ३ टक्के होते. काही महापालिका या निधीतून दिव्यांग मुलांना थेट मासिक किंवा वार्षिक अर्थसाहाय्य देतात, काही उपकरणे देतात. काही ठिकाणी हा निधी रॅम्पच्या बांधकामात जातो. पुष्कळ गावांत तो मार्चअखेर घाईघाईने वाटला जातो किंवा शिल्लक राहतो. ग्रामपंचायतीने दिव्यांगांची नोंदवही ठेवणे अपेक्षित आहे. मुलाचे नाव तीत आहे का, हे ग्रामसेवकाला विचारणे आणि ग्रामसभेत या निधीचा हिशेब मागणे हा पालकांचा हक्क आहे.

थेरपीचा खर्च कोण देतो?

सत्राला ५०० रुपये धरले आणि आठवड्याला तीन सत्रे धरली, तरी महिन्याला सहा हजार होतात. अडीच हजारांचे अनुदान त्यापुढे निम्मेही नाही. इथे कामाला येते ती राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ आरोग्य विमा योजना. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता या चार प्रकारांसाठी ती आहे आणि वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण देते. साध्या आरोग्य विम्यात न मिळणाऱ्या दोन गोष्टी तिच्यात आहेत. रुग्णालयात दाखल न होता घेतलेले उपचार आणि नियमित थेरपी यांचा खर्च मिळतो. विमा काढण्याआधी वैद्यकीय तपासणीची अटही नाही. शुल्क वर्षाला काहीशे रुपये. उपचार कोणत्याही रुग्णालयात घेता येतात.

पण एक लाख हा आकडा वाचून हुरळून जाण्यात अर्थ नाही. त्याच्या आत बाह्यरुग्ण उपचार, थेरपी, शस्त्रक्रिया अशा प्रत्येक गोष्टीची वेगळी मर्यादा असते. पैसे आधी खिशातून भरायचे आणि नंतर बिलांसह दावा करायचा. थेरपिस्टचे बिल हे लेटरहेडवर, नोंदणी क्रमांकासह आणि तारीखवार लागते. घरी येऊन शिकवणाऱ्या ताईंनी वहीच्या पानावर लिहून दिलेली पावती चालत नाही. दरवर्षी नूतनीकरण विसरले की संरक्षण संपते.

प्राप्तिकर भरणाऱ्या पालकांसाठी १९६१च्या कायद्यातील कलम ८० डीडी आहे. त्यात ४० टक्क्यांवर ७५ हजार, ८० टक्क्यांवर सव्वा लाख रुपयांची वजावट मिळते. प्रत्यक्ष खर्च किती झाला याच्याशी ती बांधलेली नाही. मात्र ती जुन्या करप्रणालीतच मिळते. नवी प्रणाली निवडताना ही वजावट हातची जाते, हे आधी मांडून पाहिलेले बरे.

प्रवासाच्या सवलतीत तर स्वमग्न मुलांची वेगळीच कोंडी आहे. एसटीत दिव्यांगांना ७५ टक्के सवलत आहे. रेल्वेची सवलत मात्र वर्षानुवर्षे चारच गटांपुरती ठेवली गेली : अस्थिव्यंग, पूर्ण अंध, पूर्ण मूकबधिर आणि सोबतीशिवाय प्रवास करू न शकणारे मतिमंद. कायद्याने २१ प्रकार मानले, रेल्वेच्या यादीत ते पोचले नाहीत. त्यामुळे प्रमाणपत्रावर फक्त स्वमग्नता लिहिलेल्या मुलाला खिडकीवर ‘तुमचा प्रकार यात बसत नाही’ असे ऐकावे लागते.

शाळा प्रवेश नाकारू शकते का?

नाही. २०१६च्या कायद्याचे कलम १६ शाळांना भेदभाव न करता प्रवेश देण्यास बांधते. कलम ३१ लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या मुलांना ६ ते १८ वयापर्यंत जवळच्या शाळेत किंवा पालकांच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क देते. शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के राखीव जागांमध्ये दिव्यांग मुले ‘वंचित गटा’त मोडतात. त्यांना उत्पन्नाचा दाखला लागत नाही. ५० हजारांच्या अटीने गांजलेल्या पालकांसाठी ही एक मोकळी वाट आहे आणि तिची माहिती अनेकांना प्रवेशाची मुदत उलटल्यावर मिळते. अतितीव्र दिव्यांगत्व असलेल्या मुलाला घरी शिक्षण घेण्याचाही हक्क आहे. समग्र शिक्षा अभियानातून दिव्यांग विद्यार्थ्यामागे वर्षाला ३,५०० रुपयांची तरतूद असते, तर मुलींना महिना २०० रुपये दहा महिने प्रोत्साहन भत्ता मिळतो. दहावी-बारावीच्या परीक्षेत लेखनिक, तासाला किमान २० मिनिटे जादा वेळ आणि विषयांबाबतच्या सवलती आहेत. त्या नववीतच शाळेमार्फत मागायला सुरुवात करावी. बोर्डाचा अर्ज भरताना धावपळ केली तर प्रमाणपत्राची रांगच वर्ष खाऊन टाकते.

कागदावर हे सारे आहे. वर्गात कोण आहे, हा प्रश्न उरतो. ऑक्टोबर २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रजनीश कुमार पांडे प्रकरणात विशेष शिक्षकांचे प्रमाण ठरवून दिले. प्राथमिक स्तरावर दहा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक आणि त्यावरच्या वर्गांत पंधरांमागे एक. महाराष्ट्रात तालुक्यातील विशेष शिक्षक अनेक शाळा फिरतो आणि एका शाळेत त्याचा दिवस ठरावीक काळाने येतो. उरलेले दिवस मूल आणि चाळीस-पन्नास मुलांचे वर्गशिक्षक एकमेकांना सांभाळून घेतात. खासगी शाळा थेट नकार देत नाहीत, त्या ‘सोबत शॅडो टीचर आणा’ म्हणतात. त्या शिक्षिकेचा पगार पालकांनीच द्यायचा. मोफत शिक्षणाच्या कायदेशीर हक्काला महिन्याच्या बिलाचे शेपूट लागते ते असे. अनेक घरांत मग ही ‘शॅडो टीचर’ आईच असते.

सांभाळणाऱ्याचा विचार कुठे आहे?

जवळपास कुठेच नाही. आतापर्यंतच्या सगळ्या योजना मुलाची टक्केवारी मोजतात. मुलासाठी नोकरी सोडलेल्या आईचा, रोज दुपारी दुकान बंद करून थेरपीला नेणाऱ्या बापाचा त्यात हिशेब नाही. केरळमध्ये ‘आश्वासकिरणम’ या नावाने, अंथरुणाला खिळलेल्या किंवा तीव्र बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या व्यक्तीची पूर्णवेळ काळजी घेणाऱ्याला दरमहा ६०० रुपये देण्याची योजना आहे. रक्कम तुटपुंजी आहे आणि वेळेवर मिळत नसल्याच्या तक्रारीही आहेत. तरी सरकारी कागदावर सांभाळणाऱ्याचा वेगळा उल्लेख आहे. महाराष्ट्रात डिसेंबर २०२२मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन झाला. समाजकल्याणाच्या मोठ्या खात्यातून हा विषय वेगळा काढणे हे महत्त्वाचे पाऊल होते. सांभाळणाऱ्यासाठीची अशी योजना या विभागाच्या अजेंड्यावर यायला हवी होती.

सरकारी नोकरीतील मातांना थोडा आधार आहे. केंद्राच्या सेवेत मुलांच्या संगोपनासाठी ७३० दिवसांची रजा मिळते आणि दिव्यांग अपत्यासाठी तिच्यातील मुलाच्या वयाची अट शिथिल आहे. राज्याच्या सेवेतही दिव्यांग अपत्याच्या संगोपनासाठी विशेष रजा आहे. एप्रिल २०२४मध्ये हिमाचल प्रदेशातील एका प्राध्यापिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की दिव्यांग मुलाच्या आईला अशी रजा नाकारणे हे नोकरीतील स्त्रियांच्या समान सहभागाच्या घटनात्मक तत्त्वाला बाधा आणणारे आहे. धुणीभांडी करणारी, शेतावर जाणारी, बारक्या खासगी कंपनीत काम करणारी आई या निकालाच्या कक्षेबाहेरच राहते.

चार दिवस मुलाला विश्वासाने सोपवून आई-वडिलांना आजारपण काढता यावे, गावी जाता यावे यासाठी राष्ट्रीय न्यासाची ‘समर्थ’ ही अल्पकालीन निवासाची योजना आहे. लहान मुलांच्या शीघ्र हस्तक्षेपासाठी ‘दिशा’, मोठ्यांच्या दिवसभराच्या केंद्रासाठी ‘विकास’ आहे. ही केंद्रे नोंदणीकृत संस्थांमार्फत चालतात. त्यामुळे जिथे संस्था सक्षम, तिथेच ती दिसतात. मुंबई, पुण्यातल्या पालकांना पर्याय सापडतो. नंदुरबार किंवा गडचिरोलीतल्या पालकांना यांची नावेही बहुधा ऐकू येत नाहीत.

अठराव्या वर्षी काय बदलते?

मूल अठराचे झाले की कायद्याच्या नजरेत ते सज्ञान होते आणि आई-वडिलांचे नैसर्गिक पालकत्व संपते. घरात काहीच बदललेले नसते. तोच मुलगा, त्याला आंघोळ घालणारी तीच आई. बँकेत मात्र ‘खातेदाराची सही आणा’ असे सांगितले जाते. यासाठी राष्ट्रीय न्यास कायद्यात स्थानिक स्तर समितीची तरतूद आहे. जिल्हाधिकारी तिचे अध्यक्ष असतात. एका नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती सदस्य असते. आई, वडील किंवा नातेवाईक कायदेशीर पालकत्वासाठी समितीकडे अर्ज करू शकतात. न्यायालयात जावे लागत नाही, वकील लागत नाही. मात्र ही सोय राष्ट्रीय न्यासाच्या चार प्रकारांनाच आहे. समितीने दिलेल्या पालकत्व प्रमाणपत्रावर बँकांनी खाते उघडून चालवू द्यावे, असे रिझर्व्ह बँकेने २००७मध्येच कळवले आहे. शाखेत हे माहीत नसेल तर त्या परिपत्रकाची प्रत सोबत नेलेली उपयोगी पडते.

पालकत्व मिळाल्यावर काही जबाबदाऱ्याही येतात आणि त्या सहसा कोणी समजावून सांगत नाही. नियुक्तीनंतर सहा महिन्यांत पाल्याच्या मालमत्तेची यादी द्यावी लागते. पुढे दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब सादर करावा लागतो. दुसरीकडे, २०१६च्या कायद्याचा कल ‘मर्यादित पालकत्वा’कडे आहे, म्हणजे दिव्यांग व्यक्तीच्या इच्छेचा विचार घेऊन, तिच्याबरोबर निर्णय घ्यायचा. जो तरुण बोलत नाही पण आपल्याला काय हवे ते चित्रांवर बोट ठेवून सांगतो, त्याच्या बाबतीत हा फरक महत्त्वाचा आहे. सगळे अधिकार कायमचे पालकाच्या नावे करण्याआधी या तरतुदीचा विचार व्हायला हवा.

जुन्या निवृत्तिवेतन योजनेतील सरकारी कर्मचाऱ्यांच्या कुटुंबात आणखी एक हक्क असतो. स्वतः उपजीविका करू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला आई-वडिलांनंतर आयुष्यभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकते. त्यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र आणि पालकाची नेमणूक लागते. निवृत्तीच्या वेळीच कागदपत्रांत त्या अपत्याचे नाव आणि दिव्यांगत्व नोंदवून ठेवले नाही, तर वडिलांच्या मृत्यूनंतर बहिणीला किंवा काकांना कोषागाराच्या चकरा माराव्या लागतात.

आणि ज्यांना ना निवृत्तिवेतन आहे, ना मागे कोणी सांभाळणारे? त्यांच्यासाठी ‘घरौंदा’ ही प्रौढांच्या आयुष्यभराच्या सामूहिक निवासाची योजना आहे, पण अशी केंद्रे देशातच मोजकी आहेत. राज्यातील अनुदानित विशेष शाळा अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहेत. त्यापुढच्या कार्यशाळांत जागा थोड्या आणि प्रतीक्षा लांबलचक. त्यामुळे राज्याच्या अनेक भागांत पालक स्वतःच एकत्र येऊन, जागा घेऊन, आपल्या मुलांसाठी निवासी घरे उभारत आहेत. त्यातल्या बऱ्याच जणांची साठी उलटली आहे.